माटोब्याचा बांध
भीमथडींतील एका जुन्या तलावाची हकीकत

महोत्सवाच्या प्रसंगीं मनुष्य साहजिकच मागें वळून पाहतो. ज्यांनीं पाया घातला, ज्यांनीं दगड वाहिले, त्यांची आठवण करावी, हा अशा दिवसाचा धर्मच होय. परंतु देवळाप्रमाणेंच ज्या भूमीवर तें उभें राहतें त्या भूमीलाही इतिहास असतो; आणि शिरूर व दौंड या तालुक्यांच्या भूमीचा इतिहास म्हणजे बहुतांशीं पाण्याचा इतिहास होय. म्हणून या स्मरणिकेंत आम्ही वाचकांपुढें एखाद्या लढाईची नव्हे, तर मातीच्या एका बांधाची हकीकत ठेवीत आहों.

भीमा नदी या दोन तालुक्यांची सीमा आंखीत वाहते. उत्तरेस शिरूर, दक्षिणेस दौंड. रांजणगांव सांडसाजवळ मुळा-मुठा तिला मिळते, आणि पुढें शिरुराकडून येणारी घोड नदीही तिच्यांतच सामावते. नकाशा पाहणारास वाटेल कीं, इतक्या नद्यांच्या प्रदेशास पाण्याची वाण कसली? पण सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळणारा पाऊस येथवर येतां येतां आटतो. वर्षाकाठीं २० इंचांच्या आसपास पडावयाचा, आणि तोही बेभरंवशाचा. नद्या खोल पात्रांतून निघून जातात व शेतें काठावर कोरडीं राहतात. विहीर आणि मोट एवढाच काय तो पूर्वींच्या कुणब्याचा आधार होता.

ही अडचण ध्यानीं घेऊन कर्नल फाइफ या एंजिनियराच्या योजनेप्रमाणें मुठा नदीवर खडकवासला येथें दगडी धरण बांधण्यास १८६९ च्या सुमारास आरंभ झाला, व पुढील दहा-अकरा वर्षांत तें पुरें झालें. त्यांतून दोन कालवे निघाले. डावा आंखूड, उजवा लांब. हा उजवा कालवा पुणें शहरास व छावणीस पाणी पाजून हडपसर, लोणी, उरुळी, यवत अशीं गांवें घेत सुमारें ७० मैलांचा प्रवास करून पाटसपर्यंत आला. याच कालव्याच्या खालच्या अंगास, यवत व केडगांव यांच्या टापूंत, पिंपळगांव-नाथाचीवाडीच्या बाजूस माटोबा तलाव आहे.

तलावाचा जन्म मात्र सुकाळांत झाला नाहीं. १२ मे १८७५ रोजीं तेव्हांच्या भीमथडी तालुक्यांतील सुपें गांवीं कर्जानें गांजलेले शेतकरी सावकारांवर उठले व त्यांनीं कर्जरोखे जाळले. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासांत गाजलेल्या प्रकरणाचा आरंभ तो हाच. त्या जखमा भरल्या नाहींत तोंच १८७६ चा पाऊस गेला. पिकें करपलीं, गुरें मेलीं, आणि हजारों माणसें सरकारी कामांवर आलीं. त्या दुष्काळांत हातीं घेतलेल्या कामांपैकीं माटोब्याचा बांध हें एक काम होय. १८७८ सालीं खुला झालेला दौंड-मनमाड लोहमार्गही त्याच दुष्काळाचें अपत्य होय.

या कामांवरील मजुरीचा इतिहास विसरण्याजोगा नाहीं. सर रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्यानें १८७७ च्या आरंभीं मजुरीचें मान कमी करण्यांत आलें. दिवसभर माती खणणाऱ्या पुरुषास एक पौंड धान्याची किंमत व वर एक आणा, आणि स्त्रीस त्याहूनही कमी, असा तो हिशेब होता. एक पौंड म्हणजे आजचे सुमारें ४५० ग्रॅम. तेवढ्यावर कुदळ चालवावी कशी? अनेक ठिकाणीं मजुरांनीं कामें सोडून दिलीं. १८७० सालीं स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेऊन सरकारकडे अर्ज केले. दोन वर्षांपूर्वीं ज्या प्रदेशांतील शेतकऱ्यांनीं रोखे जाळले, त्याच प्रदेशांत अर्धपोटीं माणसें टोपल्या खालीं ठेवून उभीं राहिलीं, ही गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. १८७९ सालीं शेतकऱ्यांच्या कर्जासंबंधींचा दख्खनचा कायदा झाला, पण तो झाला तेव्हां किती तरी घरें उठून गेलीं होतीं.

मातीचें धरण म्हणजे केवळ मातीचा ढीग नव्हे. आधीं कठीण थर लागेपर्यंत पायाचा चर खणावयाचा, तो पाणी न झिरपणाऱ्या चिकण मातीनें भरावयाचा, मग थरावर थर घालून प्रत्येक थर पाणी शिंपून चोपावयाचा. पाण्याकडील उतारास लाटांनीं माती खाऊं नये म्हणून दगड बसवावयाचे; जादा पाण्यासाठीं एका बाजूस सांडवा आणि शेतांकडे पाणी सोडण्यासाठीं मोरी ठेवावयाची. यांतील एकही थर कच्चा राहिला तर सारा बांध धोक्यांत. उपाशी माणसांच्या हातून असें काम उतरलें आणि तें टिकलें, हें त्यांच्या कसबाचें प्रमाणपत्रच होय.

आतां या तलावाचें काम काय, तें सांगूं. तो आपल्या ओढ्याच्या पाण्यावर जगत नाहीं. दूरच्या डोंगरांतून कालव्यानें आलेलें पाणी तो सांभाळून ठेवतो. पावसाळ्यांत खडकवासल्याचें धरण भरून वाहूं लागलें, म्हणजे नदीवाटे जाणारें पाणी कालव्यानें वळवून येथें सांठवावें, आणि उन्हाळ्यांत शेताच्या जवळूनच तें सोडावें, अशी ही युक्ति. कालवा रात्रंदिवस वाहतो, पण पाणी पाजणारा रात्रीं निजतो. तें रात्रीचें पाणीही अशा तलावांत वांचतें. शिवाय सांठलेलें पाणी मुरून आसपासच्या विहिरी जिवंत राहतात. पदरीं पडलेलें मोठ्या धरणाचें दान लेंकराबाळांसाठीं जपून ठेवणारी ही घरांतील रांजणाची जागा होय. वरवंडचा व्हिक्टोरिया तलावही याच तालुक्यांतला व याच जातीचा.

परंतु रांजण केव्हां भरेल हें पाणी ओतणाऱ्याच्या मर्जीवर असतें. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत कालव्याच्या पाणीपट्टीची सक्ति आणि वेळेवर न मिळणारें पाणी यांबद्दल तक्रार केली आहे, व जागोजागीं ताली-बंधारे घालून पाणी शेतांत मुरवावें असा आग्रह धरिला आहे. पुढें मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुणें भागांत एंजिनियर असतां त्यांनीं नीरा कालव्यावर पाणी टापूवार वांटून देण्याची पद्धत सुरू केली, आणि १९०३ सालीं खडकवासल्यास आपोआप उघडणारे दरवाजे बसवून धरण न वाढवितां जलसांठा वाढविला. वांटपाचा प्रश्न मात्र दरवाज्यांनीं सुटणारा नव्हता.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें व त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही जुनें धरण खचलें. पुढें धरण पुन्हा बांधलें गेलें. इंदापुरापर्यंत जाणारा २०२ किलोमीटरांचा नवा उजवा कालवा झाला. पानशेत, वरसगांव, टेमघर आणि खडकवासला मिळून सुमारें २९ अब्ज घनफूट पाण्याची सांठवण झाली. पण त्याचबरोबर पुणें शहरही वाढलें, आणि त्याची तहानही. आज दर उन्हाळ्यांत शहराचें पिण्याचें पाणी व दौंड-इंदापूरचें शेतीचें आवर्तन यांत ओढाताण चालते. जुन्या कालव्यास लोक आतां बेबी कालवा म्हणतात. शहराचें सांडपाणी शुद्ध करून मुंढवा येथून वर्षास साडेसहा अब्ज घनफूट या कालव्यांत सोडावें व तेवढें निर्मळ पाणी शहरानें वापरावें, अशी योजना झाली. त्या पाण्याच्या शुद्धतेविषयीं शेतकऱ्यांच्या तक्रारी आहेत, आणि त्या ऐकल्या पाहिजेत. वरच्यानें पिऊन झाल्यावर खालच्यास काय पोंचतें, हीच खरी पाण्याची नीति आहे.

शेजारच्या पुरंदर तालुक्यांत १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं नायगांवीं पाणी-पंचायतीचा प्रयोग केला. पाण्याचा वांटा जमिनीच्या एकरांवर नव्हे तर घरांतील माणसांवर ठरावा, भूमिहीनासही तो मिळावा, आणि त्या पाण्यावर ऊंस लावूं नये, हे त्याचे नियम. त्याच दुष्काळाच्या अनुभवांतून १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला. एक पौंड धान्यासाठीं टोपल्या खालीं ठेवणाऱ्यांची मागणी कायद्यांत उतरावयास शंभर वर्षें लागलीं.

ज्युबिली हा शब्द आपण आनंदोत्सवासाठीं वापरतों. परंतु इस्राएल लोकांच्या नियमशास्त्रांत पन्नासावें वर्ष हें गहाण गेलेली जमीन मूळ कुळास परत करण्याचें, दासास मोकळें करण्याचें व भूमीस विसांवा देण्याचें वर्ष होतें. सुप्यांत रोखे जाळणारांस अथवा माटोब्याची माती चोपणारांस असें वर्ष लाभलें नाहीं. त्यांचीं नांवें कोणत्याही शिळेवर कोरलेलीं नाहींत. वाचकहो, हिवाळ्यांत कधीं त्या बाजूस जाणें झालें, तर पाण्यावरील पक्षी अवश्य पाहावे. पण क्षणभर पायांखालच्या बांधाकडेही पाहावें. आणि घरीं आल्यावर नळाखालीं घागर लावतांना आपल्या खालच्या अंगास कोण आहे, याचा विचार करावा. त्या मजुरांचें ऋण फेडण्याचा याहून दुसरा मार्ग आम्हांस दिसत नाहीं.