व्हीएआर: फुटबॉलच्या रेफरीला व्हिडिओची मदत हवी का?

२७ जून २०१० रोजी दक्षिण आफ्रिकेतील विश्वचषकात एकाच दिवशी दोन सामन्यांत रेफरी चुकले आणि दोन्ही चुका टीव्हीसमोर बसलेल्या जगाने लगेच पाहिल्या. दुपारी ब्लूमफाँटेनमध्ये इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डने मारलेला चेंडू क्रॉसबारच्या खालच्या बाजूला आपटून गोलरेषेच्या बराच आत पडला आणि उसळून बाहेर आला. गोल मिळाला नाही. पुढे जर्मनीने तो सामना ४-१ असा जिंकला. रात्री जोहान्सबर्गमध्ये अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने उघड ऑफसाइड असताना मेक्सिकोविरुद्ध गोल केला आणि तो मात्र मिळाला.

दुसरी घटना अधिक विचित्र होती. त्या गोलचा रिप्ले स्टेडियममधील मोठ्या पडद्यावर दाखवला गेला. मेक्सिकोच्या खेळाडूंनी इटलीचे रेफरी रॉबर्टो रोसेत्ती यांना गराडा घातला. रोसेत्ती यांनी सहाय्यकाशी चर्चाही केली, पण पडद्यावर पाहून निर्णय फिरवण्याचा अधिकार त्यांना नियमाने दिलेला नव्हता. स्टेडियममधील हजारो लोकांनी जे पाहिले, ते विचारात घेण्याची मुभा नेमकी निकाल देणाऱ्या माणसालाच नव्हती. फिफाचे तत्कालीन अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी दोन दिवसांनी इंग्लंड आणि मेक्सिकोची माफी मागितली. तोवर तंत्रज्ञानाला ठाम विरोध करणाऱ्या फिफाची भूमिका तेव्हापासून मवाळ होत गेली.

व्हिडिओ रेफरी असावा की नसावा, हा वाद आजही मिटलेला नाही. तो समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी वेगळी काढावी लागते. फुटबॉलमध्ये रेफरीला पडणारे प्रश्न दोन जातींचे असतात. चेंडू रेषेपलीकडे गेला का, खेळाडू ऑफसाइड होता का, हे वस्तुस्थितीचे प्रश्न आहेत. धक्का फाऊल म्हणण्याइतका जोराचा होता का, हात मुद्दाम पुढे केला का, हे मत बनवण्याचे प्रश्न आहेत. कॅमेरा पहिल्या जातीच्या प्रश्नांची उत्तरे देतो. दुसऱ्या जातीचे प्रश्न तो एका माणसाकडून काढून दुसऱ्या माणसाकडे देतो, एवढेच.

आधी गोलरेषा, मग सगळे मैदान

चुका फुटबॉलला नव्या नव्हत्या. १९६६ च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, यावर आजही बोलले जाते. तो गोल देणारे लाइन्समन तोफिक बहरामोव इतके प्रसिद्ध झाले, की बाकू शहरातील स्टेडियमला त्यांचे नाव आहे. १९८६ मध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेला गोल तर दंतकथाच बनला. मात्र नोव्हेंबर २००९ मध्ये फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू अडवून सहकाऱ्याकडे दिला, त्यावर गोल झाला आणि आयर्लंडची विश्वचषकाची संधी गेली, तेव्हा त्या चुकीला दंतकथा म्हणायला कुणी तयार नव्हते. एका चुकीत चार वर्षांची मेहनत वाया गेली होती.

फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने, म्हणजे ‘आयफॅब’ने, जुलै २०१२ मध्ये गोलरेषा तंत्रज्ञानाला मान्यता दिली. चेंडू पूर्ण रेषेपलीकडे गेला, की रेफरीच्या मनगटावरील घड्याळ क्षणार्धात इशारा देते. खेळ थांबत नाही. २०१४ च्या विश्वचषकात हे तंत्र वापरले गेले आणि त्याबद्दल आज फारसे कुणी भांडत नाही. मत देण्याचा प्रश्नच नसल्याने ते सोपे गेले.

पुढची पायरी अवघड होती. २०१६ मध्ये चाचण्यांना परवानगी मिळाली आणि मार्च २०१८ मध्ये व्हिडिओ असिस्टंट रेफरी, म्हणजेच व्हीएआर, खेळाच्या नियमांत आला. त्याच वर्षी रशियातील विश्वचषकात तो प्रथमच दिसला. त्या स्पर्धेसाठी फिफाच्या व्हिडिओ प्रकल्पाची धुरा होती रॉबर्टो रोसेत्ती यांच्याकडे. जोहान्सबर्गच्या रात्री पडद्याकडे पाहूनही काही करू न शकलेले हेच ते रेफरी.

खोलीत बसलेले रेफरी काय करतात?

व्हीएआर हे यंत्र नाही. तो पडद्यांसमोर बसलेला प्रशिक्षित रेफरी असतो आणि सोबत सहाय्यक व रिप्ले चालवणारा तंत्रज्ञ असतो. २०१८ च्या विश्वचषकात सर्व ६४ सामन्यांसाठी ही खोली मॉस्कोत होती. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये ती लंडनजवळ स्टॉकली पार्क येथे आहे.

२०१८ च्या नियमांनुसार हा रेफरी फक्त चार बाबतींत लक्ष घालतो: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड दाखवले जाणे. तिथेही मैदानावरील रेफरीकडून ‘स्पष्ट आणि उघड’ चूक झाली असेल किंवा एखादी गंभीर घटना त्याच्या नजरेतून सुटली असेल, तरच हस्तक्षेप करायचा. ऑफसाइडसारखी वस्तुस्थिती असेल तर कानातल्या यंत्रावरून ती सांगितली जाते. मताचा प्रश्न असेल तर रेफरीला मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्याकडे बोलावले जाते आणि शेवटचा शब्द त्याचाच राहतो. खेळ एकदा पुन्हा सुरू झाला, की हिंसक वर्तनासारखे मोजके अपवाद सोडता मागे जाता येत नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवावा; पुढे तो महागात पडला.

रशियातील परिणाम लगेच दिसला. २०१४ च्या विश्वचषकात १३ पेनल्टी दिल्या गेल्या होत्या, २०१८ मध्ये २९. लाल कार्डे मात्र १० वरून ४ वर आली. याचे सगळे श्रेय कॅमेऱ्याला देता येणार नाही, पण पेनल्टी क्षेत्रात प्रतिस्पर्ध्याचा शर्ट ओढणे आता सहज खपत नाही, हे बचावपटूंना कळले.

खांद्याइतका ऑफसाइड

ऑफसाइड हा वस्तुस्थितीचा प्रश्न म्हटला, तरी तो वाटतो तितका निर्विवाद नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रीमियर लीगच्या पहिल्याच व्हीएआर आठवड्यात मँचेस्टर सिटीचा एक गोल रद्द झाला, कारण रहीम स्टर्लिंगचा खांदा बचावपटूपेक्षा अगदी किंचित पुढे होता. इतक्या बारीक मोजमापात अडचण कॅमेऱ्याची असते. नेहमीच्या प्रक्षेपणात कॅमेरा सेकंदाला ५० चित्रे घेतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा खेळाडू दोन चित्रांमधल्या वेळात १६ सेंटीमीटर पुढे सरकलेला असतो. पास देणाऱ्याच्या पायापासून चेंडू नेमका कोणत्या चित्रात सुटला हेही माणूसच ठरवत होता. म्हणजे पडद्यावरील रेषा दिसायला काटेकोर असली, तरी तिच्यामागे अंदाज होता. प्रीमियर लीगने २०२१-२२ च्या हंगामात रेषा जाड करून संशयाचा फायदा आक्रमकाला दिला, ही त्याचीच कबुली म्हणावी लागेल.

२०२२ च्या कतार विश्वचषकात यावर चांगला उपाय आला. छताखालील १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूच्या आतील सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. उद्घाटनाच्या सामन्यात तिसऱ्याच मिनिटाला इक्वेडोरचा गोल याच तंत्राने रद्द झाला. तरीही यंत्र प्रत्येक वेळी साथ देईलच असे नाही. मार्च २०२५ मध्ये इंग्लंडच्या एफए कपमध्ये बोर्नमथ आणि वुल्व्ज यांच्या सामन्यात गोलपुढे खेळाडूंची इतकी गर्दी होती, की असेच तंत्र गोंधळले आणि एका गोलचा निकाल लागायला सुमारे आठ मिनिटे गेली.

हात लागला, की लावला?

मताच्या प्रश्नांचा नमुना म्हणून २०१८ चा अंतिम सामना पाहावा. फ्रान्स आणि क्रोएशिया १-१ असे बरोबरीत असताना कॉर्नरवरून आलेला चेंडू क्रोएशियाच्या इव्हान पेरिसिचच्या हाताला लागला. अर्जेंटिनाचे रेफरी नेस्तोर पिताना पडद्याकडे गेले, पाहिले, परत निघाले, पुन्हा वळून पाहिले आणि मग पेनल्टी दिली. चेंडू हाताला लागला याबद्दल शंका नव्हती. तो गुन्हा होता का, याचे उत्तर कितीही वेळा पाहून पडद्यात सापडणार नव्हते. नंतरच्या काही वर्षांत आयफॅबने हँडबॉलच्या नियमाची भाषा एकापेक्षा जास्त वेळा बदलली, तरी भांडणे तशीच आहेत.

संथ गतीचा रिप्ले तर उलट दिशाभूल करू शकतो. बेल्जियममधील ल्यूव्हेन विद्यापीठाच्या संशोधकांनी युरोपातील अव्वल रेफरींना फाऊलच्या चित्रफिती दाखवल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात संथ गतीने पाहणाऱ्यांनी जास्त कडक शिक्षा दिल्या. कारण समजायला सोपे आहे: अर्ध्या सेकंदात घडलेली गोष्ट तीन सेकंद ताणली, की खेळाडूने विचार करून केल्यासारखी वाटते. म्हणूनच संथ गती फक्त स्पर्श कुठे झाला हे पाहण्यासाठी वापरावी आणि धक्क्याचा जोर नेहमीच्या गतीने जोखावा, असे व्हीएआरच्या नियमावलीत लिहिले आहे.

व्हीएआरमुळे अचूकता वाढते, हे आकडे सांगतात. महत्त्वाचे निर्णय बरोबर असण्याचे प्रमाण ८२ टक्क्यांवरून ९६ टक्क्यांवर गेले, असे प्रीमियर लीगने २०२४ मध्ये सांगितले. पण ‘बरोबर’ ठरवते कोण? तिथे वादग्रस्त निर्णयांसाठी पाच जणांची समिती आहे आणि तिचा कौल कधी ४-१, कधी ३-२ असा लागतो. दोन जाणकारांना चूक वाटलेला निर्णयही आकडेवारीत ‘बरोबर’ म्हणून मोजला जातो. म्हणून मताच्या प्रश्नांत खोलीतील रेफरीने जितके कमी बोलावे तितके चांगले. ‘स्पष्ट आणि उघड’ या शब्दांचा मूळ हेतू तोच होता.

रेषा बरोबर, निकाल चूक

३० सप्टेंबर २०२३ रोजी लंडनमध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुईस डियाझने गोल केला. मैदानावरील सहाय्यकाने ऑफसाइडचा झेंडा वर केला. स्टॉकली पार्कमध्ये रेषा आखली गेली आणि डियाझ ऑफसाइड नसल्याचे दिसले. इथपर्यंत सगळे सुरळीत होते. पण मैदानावर गोल दिला गेला आहे, अशी खोलीतील रेफरीची समजूत होती. त्यामुळे त्याने तपासणी पूर्ण झाल्याचे कळवले. मैदानावरील रेफरीने त्याचा अर्थ घेतला, की ऑफसाइड कायम आहे. फ्री किक घेतली गेली. काही सेकंदांत रिप्ले चालवणाऱ्या तंत्रज्ञाच्या लक्षात गोंधळ आला, पण खेळ पुन्हा सुरू झाला होता आणि नियम मागे जाऊ देत नव्हता. लिव्हरपूल तो सामना २-१ असा हरले. इंग्लंडमधील रेफरींच्या संस्थेने चूक मान्य केली आणि खोलीतील संभाषणाचे ध्वनिमुद्रणही प्रसिद्ध केले.

यात कॅमेरा, रेषा, तंत्र यांपैकी काहीच चुकले नव्हते. ‘गोल द्या’ किंवा ‘गोल नाही’ एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर पुरले असते.

गॅलरीतला प्रेक्षक

या वादात सर्वांत कमी ऐकला जाणारा पक्ष तिकीट काढून आलेल्या माणसाचा आहे. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, म्हणून एका गोलचा आनंद मोठा असतो. आता गोल झाल्यावर चाहते उडी मारतात आणि पुन्हा खाली बसतात, कारण कुठेतरी तपासणी चालू असते. घरी टीव्हीसमोर बसलेल्याला सगळे कोन दिसतात. स्टेडियममधल्याला बहुतेक वेळा फक्त ‘तपासणी सुरू’ ही पाटी दिसते. २०२३ च्या महिला विश्वचषकात रेफरी माइकवरून निर्णय जाहीर करू लागले, त्याने थोडा फरक पडला.

नॉर्वेत व्हीएआर २०२३ मध्ये आला. जुलै २०२४ मध्ये रोझेनबोर्ग आणि लिलेस्ट्रॉम यांच्या सामन्यात चाहत्यांनी निषेध म्हणून मैदानावर टेनिस चेंडू आणि चक्क माशांच्या वड्या फेकल्या आणि सामना रद्द करावा लागला. क्लबांच्या मतदानात बहुमत व्हीएआर बंद करण्याच्या बाजूने गेले, पण मार्च २०२५ मध्ये नॉर्वेच्या महासंघाने तो कायम ठेवला. शेजारच्या स्वीडनमध्ये बहुतेक क्लबांची मालकी सदस्य चाहत्यांकडे आहे, तिथे व्हीएआर आलाच नाही. इंग्लंडमध्ये जून २०२४ मध्ये वुल्व्जने तो रद्द करण्याचा ठराव मांडला, तेव्हा १९ विरुद्ध १ मतांनी तो फेटाळला गेला. चाहत्यांच्या हाती मत असते तिथला निकाल आणि मालकांच्या हाती असते तिथला निकाल वेगळा येतो.

क्रिकेटची वाट आणि भारत

भारतीय वाचकाला इथे क्रिकेटचा डीआरएस आठवणारच. भारतीय मंडळाने त्याला २०१६ पर्यंत विरोध केला, पण आज तो खेळाचा भाग आहे. दोन फरक मात्र आहेत. क्रिकेट प्रत्येक चेंडूनंतर आपोआप थांबते, फुटबॉलला थांबवावे लागते. शिवाय क्रिकेटने संशयाला मोजमाप दिले: चेंडू यष्टीला जेमतेम घासणार असेल तर ‘अंपायर्स कॉल’ म्हणून मूळ निर्णय राहतो. फुटबॉलच्या ‘स्पष्ट आणि उघड’ला असे कोणतेही माप नाही.

दाद मागण्याची क्रिकेटची पद्धत मात्र फुटबॉलने उसनी घेतली आहे. ‘फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट’मध्ये वेगळी खोली आणि वेगळा रेफरी नसतो. प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा दाद मागता येते आणि मैदानावरील रेफरी स्वतः पडद्यावर पाहून ठरवतो. दाद योग्य ठरली तर ती संधी शिल्लक राहते. २०२४ मध्ये कोलंबियातील २० वर्षांखालील महिला विश्वचषकात ही पद्धत वापरली गेली. थोड्या कॅमेऱ्यांवर भागत असल्याने कमी पैशांच्या स्पर्धांना ती परवडते.

भारतात २०२२ च्या १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात व्हीएआर वापरला गेला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे ते सामने झाले. इंडियन सुपर लीगमध्ये मात्र तो नव्हता आणि ३ मार्च २०२३ रोजी बेंगळुरूत त्याची आठवण सर्वांना झाली. बाद फेरीच्या सामन्यात जादा वेळेत सुनील छेत्रीने केरळ ब्लास्टर्सची भिंत उभी राहण्याआधीच फ्री किक मारून गोल केला. रेफरीने तो दिला, केरळचा संघ मैदान सोडून गेला आणि पुढे क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला. व्हीएआर हवाच, अशी मागणी लगेच झाली. मात्र गोल तपासताना खोलीतील रेफरी ऑफसाइड किंवा आक्रमण करणाऱ्या संघाचा फाऊल पाहतो. फ्री किक लवकर घेऊ द्यायची की भिंत उभी राहीपर्यंत थांबवायचे, हे शिट्टी हातात असलेल्या रेफरीनेच ठरवायचे असते.