किडनीला अचानक होणारी इजा: कारणे, निदान आणि उपचार

दोन दिवस जुलाब-उलट्या, त्यात अंगदुखीसाठी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि तिसऱ्या दिवशी लघवी जवळपास बंद. काही तासांत किंवा दिवसांत किडनीचे काम असे मंदावते, तेव्हा त्याला 'अक्यूट किडनी इंज्युरी' म्हणतात. कारण वेळीच सापडले तर किडनी पुष्कळदा पूर्ववत होते. म्हणूनच उशीर करू नका.

कारणे
- रक्तपुरवठा कमी होणे: जुलाब-उलट्या, रक्तस्राव, सेप्सिस, हृदयविकार.
- किडनीलाच इजा: लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, घोणस चावणे, जेंटामायसिनसारखी औषधे.
- लघवीला अडथळा: वाढलेले प्रोस्टेट, मुतखडे.

शरीरातील पाणी कमी झाले की किडनी स्वतःकडे रक्त आणणारी वाहिनी रुंद ठेवून तग धरते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या नेमकी हीच सोय बंद पाडतात.

निदान
रक्तातील क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ मि.ग्रॅ.ने किंवा ७ दिवसांत दीडपट वाढले, तर निदान होते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सहा तासांत १८० मि.ली.पेक्षा, म्हणजे सुमारे एक कपापेक्षा कमी लघवी होणे हाही निकष आहे. क्रिएटिनिन ०.७ वरून १.१ झाले, तर रिपोर्टवर ते 'नॉर्मल' दिसू शकते. पण ही वाढ दीडपटीहून जास्त आहे. म्हणून जुने रिपोर्ट सोबत न्या. लघवीची तपासणी, पोटॅशियम आणि सोनोग्राफीही करतात.

उपचार
मूळ कारणावर उपचार होतात: सलाईन, प्रतिजैविके, सर्पदंशावरील प्रतिविष, अडथळा असल्यास कॅथेटर. किडनीला घातक औषधे थांबवतात. पोटॅशियम धोकादायक वाढले, रक्तातील आम्ल वाढले किंवा फुप्फुसांत पाणी साठले आणि औषधांनी आटोक्यात आले नाही, तर डायलिसिस लागते. बऱ्याच रुग्णांना ते तात्पुरतेच करावे लागते. बरे झाल्यावर ३ महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा.

तुम्ही काय कराल?
जुलाब लागताच ओआरएस सुरू करा आणि मनाने वेदनाशामक घेऊ नका. रक्तदाब किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्या दिवसांत कशा घ्यायच्या, हे डॉक्टरांना विचारा. लघवी फार कमी झाली, चेहरा-पाय सुजले, धाप लागली किंवा गुंगी आली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.