वितळलेल्या शिशावरची ‘साय’ लगेच काढून का टाकत नाहीत?

अमेरिकेत अनेक हौशी नेमबाज काडतुसाच्या टोकाला बसणारी शिशाची गोळी घरीच ओततात. भांड्यात शिसं वितळलं की दुधावर साय धरावी तसा राखाडी थर त्यावर जमतो. याला ‘ड्रॉस’ म्हणतात. नवखा माणूस कचरा समजून तो काढून टाकतो आणि सोबत महागडा धातूही गमावतो.

हा थर कशाचा असतो?

गोळीसाठी निव्वळ शिसं फार मऊ पडतं. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. ‘लायमन नंबर २’ या प्रसिद्ध मिश्रणात ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील आणि ५ टक्के अँटिमनी असतं. अँटिमनीमुळे कडकपणा येतो, तर कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट पोहोचतो.

कथील हलकं असल्यामुळे वेगळं होऊन वर तरंगतं, असा एक गैरसमज आहे. तसं होत नाही. चहात साखर विरघळावी तसं ते शिशात विरघळलेलं असतं. मात्र हवेतल्या ऑक्सिजनशी ते शिशाच्या आधी संयोग पावतं. त्यामुळे वरच्या थरात कथिलाचा ऑक्साईड येतो आणि त्याच्या पापुद्र्यांत चांगल्या धातूचे थेंबही अडकतात.

मग उपाय काय?

मेणाचा छोटा तुकडा किंवा लाकडाचा कोरडा भुसा रसावर टाकून ढवळतात. त्यातला कार्बन ऑक्सिजन ओढून घेतो, पापुद्रे फुटतात आणि अडकलेला धातू पुन्हा रसात मिसळतो. यालाच ‘फ्लक्सिंग’ म्हणतात. त्यानंतर उरते ती काळपट भुकटी. काढून टाकायची ती हीच.

मुळात थर कमी धरावा यासाठी आच बेताची ठेवतात. शुद्ध शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. रस जितका जास्त तापेल आणि विनाकारण ढवळला जाईल, तितका ऑक्साईड वाढतो.

आपल्याकडे कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकतो, तोही फ्लक्सच. फरक इतकाच की तिथे भांड्यावरचा ऑक्साईड निघतो आणि कथील पितळेला धरतं.

धोका कुठे आहे?

पहिला धोका पाण्याचा. ओला भुसा किंवा दमट धातू रसाच्या आत गेला तर पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते, त्यामुळे वितळलेलं शिसं अंगावर उडतं. मेणाचा धूरही पेट घेतो.

दुसरा धोका दिसत नाही. ओतकामाच्या तापमानाला शिशाची वाफ फारशी होत नाही, पण काढलेल्या भुकटीतली शिशाची धूळ हाताला, कपड्यांना लागते आणि तिथून पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून हे काम स्वयंपाकघरात करत नाहीत, त्याची भांडी वेगळी ठेवतात आणि भुकटी झाकणाच्या डब्यात बंद करतात.

भारतात मात्र हा छंद असा सहज होऊ शकत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे.