भोपाळचे बुर्बन : एका आश्रित घराण्याची कथा

भोपाळ हे नाव उच्चारताच मराठी इतिहासाच्या वाचकाला पहिल्या बाजीरावाची आठवण होते. डिसेंबर १७३७ मध्ये याच शहराच्या परिसरात बाजीरावाने निजामाला कोंडीत धरले आणि ७ जानेवारी १७३८ रोजी दोराहा येथे त्याच्याकडून तह लिहून घेतला. परंतु याच भूमीत आणखी एक कथा घडली. ती जिंकणाऱ्यांची नाही, तर आश्रयास आलेल्यांची आहे. फ्रान्सच्या राजकुळाशी आपले नाते सांगणारे बुर्बन घराणे अठराव्या शतकाच्या अखेरीस भोपाळला आले व येथलेच होऊन राहिले.

घराण्याची परंपरा अशी सांगते, की इ. स. १५६० च्या सुमारास जाँ फिलिप द बुर्बन नावाचा फ्रेंच सरदार अकबराच्या दरबारी आला. तो बुर्बनचा ड्यूक तिसरा चार्ल्स याचा पुत्र होता, असे म्हणतात. पुढे या घराण्याला नरवरजवळील शेरगढची जहागीर मिळाली. या पूर्वपीठिकेला समकालीन मोगल कागदपत्रांचा ठोस आधार मिळत नाही. ड्यूक चार्ल्स १५२७ मध्ये रोमवरील हल्ल्यात मारला गेला, हे मात्र निश्चित. म्हणून राजवंशाचा हा दावा आख्यायिका म्हणूनच जपावा, हे बरे. कर्नल विल्यम किंकेड या भोपाळच्या पोलिटिकल एजंटाने १८८७ मध्ये या घराण्यावर लेख लिहिला, तोही मुख्यतः घरातल्या सांगण्यावर आधारलेला होता.

या परंपरेप्रमाणे नादिरशहाच्या स्वारीत (१७३९) दिल्लीची धूळधाण झाली, तेव्हा घराणे शेरगढास येऊन राहिले. परंतु १७७८ मध्ये नरवरच्या राजाने तेथे हल्ला करून बहुतेक कुटुंबाची कत्तल केली. जे थोडे वाचले, त्यांना घेऊन साल्वाडोर बुर्बन ग्वाल्हेरकडे निघाला आणि काही वर्षांनी भोपाळच्या नबाबाच्या पदरी दाखल झाला. घर, जहागीर आणि माणसे एकाच वेळी गमावलेल्या कुटुंबापुढे त्या वेळी एकच प्रश्न होता : जगायचे कसे, आणि जगताना आपले म्हणून काय राखायचे?

आश्रयाचे स्थळ योग्य होते. भोपाळ राज्याचा संस्थापक दोस्त मुहम्मदखान हा स्वतःच अफगाणिस्तानाकडून नशीब काढण्यासाठी आलेला शिपाई. अशा राज्यात परकेपणा हा दोष नव्हता. उपयोगी पडणे हीच खरी ओळख होती. साल्वाडोरने तलवार आणि निष्ठा पुढे केली व आपल्या माणसांना निवारा मिळवून दिला. त्याच्या पुत्राने त्या निवाऱ्याला प्रतिष्ठा आणून दिली.

हा पुत्र म्हणजे बाल्थाझार बुर्बन. भोपाळने त्याला शहजाद मसीह या नावाने ओळखले. या नावातच त्या घराण्याने काढलेली तोड दिसते. बोली आणि राहणी त्यांनी येथली घेतली. नावे फारसी वळणाची धारण केली, पण त्या नावातले ‘मसीह’ हे पद सोडले नाही. फ्रेंच भाषा पिढ्यांमागे केव्हाच मावळली होती. धर्म मात्र राखला गेला.

पुढला प्रसंग मराठी वाचकाने मोकळ्या मनाने वाचावा असा आहे. १८१२-१३ मध्ये शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या संयुक्त फौजांनी भोपाळला वेढा घातला. वजीर मुहम्मदखानाने तो अन्नाच्या टंचाईतही अनेक महिने झुंजवला. त्याच्या बाजूने लढणाऱ्यांत शहजाद मसीहही होता. आपल्या सैन्याला तेथे यश आले नाही. ज्या गावाने आसरा दिला, त्या गावासाठी आश्रिताने तटावर उभे राहावे, यात त्याला दोष देण्यासारखे काही नाही. उलट परका माणूस घरचा कधी होतो, याचे उत्तर त्यात सापडते.

१८१६ मध्ये वजीर मुहम्मदखान निवर्तला व नजर मुहम्मदखान गादीवर आला. फेब्रुवारी १८१८ मध्ये रायसेन येथे इंग्रजांशी जो तह झाला, त्यात भोपाळच्या वतीने बोलणी करणाऱ्या दोघांपैकी एक शहजाद मसीह होता. त्या तहान्वये भोपाळने ६०० घोडेस्वार व ४०० पायदळ इंग्रजांच्या मदतीस ठेवण्याचे मान्य केले आणि आष्टा, इच्छावर, सिहोर, दोराहा व देवीपुरा हे महाल राज्याकडे आले. ज्या दोराह्याला बाजीरावाने निजामाचा तह लिहून घेतला, तेच ठाणे ऐंशी वर्षांनी अशा रीतीने भोपाळच्या पदरात पडले.

१८१९ मध्ये नजर मुहम्मदखान पिस्तुलाच्या अपघातात मरण पावला. त्याची तरुण विधवा कुदसिया बेगम हिने आपली अल्पवयीन कन्या सिकंदर हिच्या नावे कारभार हाती घेतला. नात्यातले पुरुष गादीवर डोळा ठेवून असताना तिच्या विश्वासातल्या मोजक्या कारभाऱ्यांत हा ख्रिस्ती सरदार होता. भोपाळात पुढे शंभरांहून अधिक वर्षे बेगमांची राजवट चालली. तिच्या पहिल्या, डळमळत्या पावलांना आधार देणाऱ्यांत एका निर्वासिताच्या मुलाचा हात होता, हे विसरता येत नाही. सर जॉन माल्कमनेही मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात (१८२३) त्याची नोंद घेतली आहे.

शहजाद मसीहच्या पश्चात घराण्याची धुरा त्याच्या पत्नीने उचलली. लोक तिला ‘दुल्हन सरकार’ म्हणत. फ्रेंच प्रवासी लुई रूसले १८६७ मध्ये भोपाळला आला, तेव्हा आपल्याच देशाच्या राजकुळाचे नाव धारण करणारी, पण सर्वस्वी हिंदुस्थानी रीतीने राहणारी ही वृद्ध स्त्री पाहून तो चकित झाला. तिच्या आश्रयाने शहरात ख्रिस्ती कुटुंबांची वस्ती नांदत होती. बुर्बनांच्या पुढाकाराने भोपाळमध्ये कॅथलिक उपासनेची सोय झाली. जहांगीराबादेतील सेंट फ्रान्सिस चर्चशी त्यांचे नाव आजही जोडले जाते. या घराण्यातील काहींनी उर्दूत काव्यरचना केली व राम बाबू सक्सेना यांनी युरोपीय वंशाच्या उर्दू कवींवरील आपल्या ग्रंथात (१९४१) त्यांना स्थान दिले. चौकातील शौकत महालाची रचना बुर्बन वंशातल्या कुणा फ्रेंच माणसाची, असे भोपाळात सांगितले जाते.

संस्थानाबरोबर जहागिरी गेल्या आणि घराणे सामान्य नागरिकांत मिसळले. २००७ मध्ये ग्रीसचे राजपुत्र मायकेल यांनी या घराण्यावर फ्रेंच भाषेत कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा फ्रान्सच्या गादीवरचा त्यांचा हक्क हाच चर्चेचा विषय झाला. वास्तविक त्या हक्कापेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच आहे. कत्तलीतून वाचलेल्या चार माणसांना घेऊन एकाने दुसऱ्या मुलखाचा रस्ता धरला, त्याच्या मुलाने त्या मुलखाचे संकट आपले मानले आणि सुनेने विखुरलेल्यांना एकत्र बांधून ठेवले. वंशावळ सिद्ध होवो वा न होवो, एवढे कर्तृत्व निर्विवाद आहे.

मराठी माणूसही ठिकठिकाणी असाच जाऊन राहिला. त्याने तेथली भाषा आत्मसात केली आणि घरातल्या एका कोपऱ्यात आपले काही जपले. शंभर वर्षे टिकलेले ग्रंथालय हा असाच एक कोपरा होय. बुर्बनांची कथा अशा स्थळी वाचताना ती फार दूरची वाटत नाही.