टोमणे मारणारं अलार्म घड्याळ घरच्या घरी कसं बनवायचं?

कर्जतहून मुंबईला जाणाऱ्यांची सकाळ लोकलच्या वेळेवर ठरते. सीएसएमटी इथून सुमारे १०० किलोमीटर. गाडी चुकली की पहिलं लेक्चर किंवा ऑफिसची हजेरी गेलीच म्हणून समजा. फोनचा अलार्म तर आपण झोपेतच स्नूझ करतो. म्हणून मी टोमणे मारणारं घड्याळ बनवलं. ते कसं बनतं आणि कसं चालतं, ते पाहूया.

असली घड्याळं आधीही झाली आहेत. गौरी नंदा यांनी एमआयटी मीडिया लॅबमध्ये 'क्लॉकी' नावाचं चाकांचं घड्याळ बनवलं. ते वाजतं आणि पळून लपून बसतं! त्याला २००५ साली अर्थशास्त्राचा इग नोबेल मिळाला. गंमत बाजूला ठेवली तर मुद्दा एकच: अलार्म बंद करायला अंथरूण सोडावंच लागलं पाहिजे.

काय काय लागेल?
- आर्डुइनो नॅनो
- डीएस३२३१ आरटीसी बोर्ड (वेळ सांभाळायला)
- डीएफप्लेअर मिनी, ३२ जीबीपर्यंतचं मेमरी कार्ड आणि ८ ओहम ३ वॅटचा स्पीकर
- एक मायक्रोस्विच, १ किलोओहम रेझिस्टर, लांब वायर
- फोनचा जुना ५ व्होल्ट चार्जर

आरटीसी कशाला?
अनेक नॅनो बोर्डांवर सिरॅमिक रेझोनेटर असतो. त्यात अर्धा टक्का जरी फरक पडला, तरी घड्याळ दिवसाला ७ मिनिटं चुकतं. तेवढ्यात गाडी सुटते! डीएस३२३१ तापमानानुसार स्वतःला दुरुस्त करतं, त्यामुळे फरक वर्षाला साधारण एक मिनिटच पडतो. शिवाय त्याला स्वतःचा सेल असतो, म्हणून लाईट गेली तरी वेळ पुसली जात नाही.

जोडणी
आरटीसीचा एसडीए ए४ ला, एससीएल ए५ ला. प्लेअरचा टीएक्स डी१० ला, आणि डी११ मधून १ किलोओहम रेझिस्टर घेऊन प्लेअरच्या आरएक्सला. स्विच डी४ आणि ग्राउंडमध्ये. सगळ्यांचे ग्राउंड एकत्र जोडायला विसरू नका.

आवाज
कार्डवर एमपी३ नावाचं फोल्डर करा आणि फाईलना इंग्रजी अंकांत ०००१, ०००२ अशी नावं द्या. माझ्याकडे पहिल्या फाईलमध्ये आजीचं प्रेमळ "ऊठ रे बाळा" आहे. दुसरीत "गाडी नेरळला पोचली, तू अजून गोधडीत!" आणि तिसरीत थेट कुकरची शिट्टी. दर दोन मिनिटांनी पुढची फाईल.

बंद कसं होणार?
स्विच स्वयंपाकघरात, एका फळीखाली बसवलाय. फळीवर पाण्याने भरलेला तांब्या सलग १० सेकंद ठेवला, तरच आजी गप्प. रिकाम्या तांब्याने स्विच दबू नये, एवढी स्प्रिंग कडक ठेवा.

लाईट गेली तर?
खोपोलीला १९१५ सालापासून वीज तयार होतेय, तरी कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात लाईट जातेच. आरटीसीचा सेल फक्त वेळ सांभाळतो, स्पीकर वाजवत नाही. त्यासाठी ५ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. नाहीतर प्रोग्राममध्ये एक अट टाका: बोर्ड चालू होताच अलार्मची वेळ टळून अर्धा तास झाला नसेल आणि आज तो बंद केलेला नसेल, तर लगेच वाजव. "आज बंद केला" ही तारीख ईईप्रॉममध्ये लिहा, म्हणजे लाईट गेली तरी ती राहते.

ही काळजी घ्याच
बाजारातल्या अनेक डीएस३२३१ बोर्डांवर सेल चार्ज करणारं सर्किट असतं. सीआर२०३२ सेल रिचार्ज होत नाही. त्याला करंट दिला तर तो फुगू किंवा गळू शकतो. अशा बोर्डवर डायोडशेजारचा '२०१' लिहिलेला रेझिस्टर आधी काढून टाका. २३० व्होल्टच्या वायरला मात्र हात लावू नका, चार्जर पुरेसा आहे.

सगळं झालं की सुट्टीच्या दिवशी चाचणी घ्या: अलार्मच्या दहा मिनिटं आधी प्लग काढा, वेळ टळल्यावर पाच मिनिटांनी परत लावा. आजी ओरडली, तर सोमवारच्या लोकलसाठी तिच्यावर भरवसा ठेवा. घरातल्यांना मात्र आदल्या रात्रीच सांगून ठेवा!