शासकीय सेवेतील भेदभाव व अपील

शासकीय सेवेत प्रवेश, वेतन, बदली, बढती, शिस्तभंगाची कारवाई किंवा बडतर्फी यांबाबत जात, धर्म, वंश, लिंग, जन्मस्थान इ. कारणांवरून विषम वागणूक मिळाल्यास कर्मचाऱ्याने वरिष्ठ प्राधिकाऱ्याकडे वा न्यायपीठाकडे दाद मागण्याची पद्धती. महाराष्ट्रात तिचा विकास विनंती अर्जापासून न्यायप्रविष्ट हक्कापर्यंत झाला. या विकासातील एक आरंभीचा टप्पा पूर्वीच्या कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्याशी निगडित आहे.

ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३३ च्या सनदी कायद्याने धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण या कारणावरून कोणासही नोकरीस अपात्र ठरवू नये, असे तत्त्व मान्य केले. १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात त्याचा पुनरुच्चार झाला. तथापि ते मोडल्यास दाद कोठे मागावी, याची तरतूद नव्हती. मुंबई लष्करात महार शिपायांची परंपरा जुनी होती. कोरेगाव येथील १८१८ च्या लढाईच्या स्मारकस्तंभावर ‘नाक’ हा प्रत्यय असलेली त्यांची नावे कोरलेली आहेत. असे असूनही १८९२ च्या सुमारास, लढाऊ व बिगर-लढाऊ जाती असा भेद करणाऱ्या धोरणानुसार, त्यांची भरती बंद करण्यात आली. कारण वैयक्तिक गैरवर्तनाचे नसून केवळ जातीचे होते. शिवाय लष्करी नोकरीबरोबर निवृत्तिवेतन आणि पलटणीतील शाळेत मिळणारे शिक्षण यांनाही हा समाज मुकला.

या निर्णयाविरुद्ध महाडजवळील रावढूळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र तयार केले. पूर्वीची सेवा व महारांचे मूळचे क्षत्रियत्व हे त्यातील युक्तिवादाचे आधार होते. पुढे शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठविण्यात आला. त्यात पोलीस, लष्कर व मुलकी खात्यांतील कनिष्ठ जागा तरी खुल्या कराव्यात, अशी मागणी होती. या अर्जात वंशपरंपरेपेक्षा समान प्रजाजनत्वावर भर होता. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची गरज भासताच १९१७ मध्ये महारांची पलटण उभारण्यात आली व १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. महार रेजिमेंटची स्थापना दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, बेळगाव येथे झाली. सारांश, अर्ज करता येई. परंतु त्याचा निकाल कायद्याने नव्हे, तर सरकारच्या सोयीने ठरे.

मुलकी सेवेतील स्थितीही फारशी निराळी नव्हती. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने बडतर्फीपूर्वी कारणे दाखविण्याची संधी व भेदभावाविरुद्ध काही संरक्षण दिले. परंतु सरकारी नोकर सम्राटाच्या मर्जीपर्यंतच पदावर राहतो आणि सेवानियमांचा भंग झाल्यास न्यायालयात दावा चालत नाही, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने व्यंकटराव खटल्यात (१९३७) दिला होता.

भारतीय संविधानाने (१९५०) ही स्थिती पालटली. अनुच्छेद १६ ने शासकीय नोकरीत समान संधी हा मूलभूत हक्क ठरविला. अनुच्छेद ३११ ने बडतर्फीविरुद्ध संरक्षण दिले. अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयात अर्ज करण्याचा मार्ग मोकळा झाला. विवाहासाठी स्त्री-अधिकाऱ्याने शासनाची परवानगी घ्यावी, अशा स्वरूपाच्या परराष्ट्रसेवेतील नियमांवर सर्वोच्च न्यायालयाने सी. बी. मुथम्मा यांच्या अर्जात (१९७९) कडक टीका केली. सेवाविषयक दाव्यांची संख्या वाढल्याने बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने (१९७६) प्रशासकीय न्यायाधिकरणांची तरतूद केली व १९८५ मध्ये त्यासंबंधीचा कायदा झाला. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण जुलै १९९१ मध्ये मुंबई येथे स्थापन झाले. नागपूर व औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे त्याची खंडपीठे आहेत. न्यायाधिकरणाच्या निर्णयाची तपासणी उच्च न्यायालय करू शकते, असे एल्. चंद्रकुमार खटल्यात (१९९७) ठरले.

प्रत्यक्ष कार्यपद्धती पेण व रोहे या तालुक्यांच्या उदाहरणाने स्पष्ट होते. तहसील कचेरीतील लिपिक हा राज्यशासनाचा कर्मचारी असून त्यास १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू होतात. पंचायत समितीच्या शाळेतील शिक्षक मात्र जिल्हा परिषदेचा कर्मचारी. त्याला १९६४ चे स्वतंत्र नियम लागू आहेत. अलिबागच्या जिल्हाधिकाऱ्याच्या किंवा जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या शिस्तभंगविषयक आदेशाविरुद्ध दोघांचेही अपील सामान्यतः कोकण विभागीय आयुक्ताकडे जाते. त्यानंतर वाटा वेगळ्या होतात : लिपिकाला मुंबईच्या न्यायाधिकरणाकडे, तर शिक्षकाला उच्च न्यायालयाकडे जावे लागते. पेण स्थानकावरील मध्य रेल्वेचा नोकर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे (स्थापना १९८५) दाद मागतो. म्हणजे एकाच गावातील तिघांना सारख्याच अन्यायासाठी तीन निरनिराळी दारे ठोठवावी लागतात.

न्यायाधिकरणाकडे जाण्यापूर्वी खात्यांतर्गत उपाय सामान्यतः संपवावे लागतात. अपिलावर सहा महिन्यांत निर्णय न झाल्यास पुढे जाता येते. अर्जाची मुदत अंतिम आदेशापासून एक वर्षाची असून पुरेशा कारणास्तव विलंब माफ होऊ शकतो. अनुसूचित जाती व जमातींच्या राष्ट्रीय आयोगांना तक्रारींची चौकशी करता येते. मात्र त्यांच्या शिफारशी न्यायालयीन आदेशाची जागा घेत नाहीत. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१३ च्या कायद्याने कार्यालयीन व जिल्हा पातळीवर समित्या नेमण्याची तरतूद केली आहे.

या पद्धतीतील मुख्य अडचण पुराव्याची आहे. भेदभाव आदेशात क्वचितच लिहिलेला असतो. तो प्रतिकूल गोपनीय अहवाल, लांबलेली बढती किंवा वारंवार होणाऱ्या बदल्या यांतून अनुमानाने सिद्ध करावा लागतो. आणि ती कागदपत्रे बहुधा ज्याच्याविरुद्ध तक्रार असते, त्याच कचेरीच्या ताब्यात असतात. माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने (२००५) ती मिळविण्याचा एक मार्ग उपलब्ध झाला. याखेरीज ‘योग्य मार्गाने’ अर्ज करण्याच्या प्रथेमुळे तक्रार प्रथम निकटच्या वरिष्ठाच्या हातून जाते. वलंगकरांच्या काळी अर्जदाराला आपली योग्यता सिद्ध करावी लागत असे. आज भेदभावाचा प्रथमदर्शनी पुरावा पुढे आल्यास शासनाला आपल्या निर्णयाचे कारण द्यावे लागते. अपिलाच्या हक्काचे ऐतिहासिक महत्त्व या बदलात आहे.