वायुदूत : एकोणीस आसनांचा हिशेब

१ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचे विमानतळ सुरू झाले आणि आम्हा संगमनेरकरांना विमान शेजारच्या कोपरगाव तालुक्यात, काकडीला मिळू लागले. लहान गावांना विमानाने जोडण्याची कल्पना मात्र जुनी आहे. तिचा देशातला मोठा प्रयोग ‘वायुदूत’ने केला.

जानेवारी १९८१ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांनी मिळून ही कंपनी काढली, ती ईशान्य भारतासाठी. डोंगर आणि नद्यांनी तुटलेल्या त्या प्रदेशात तिची गरज खरी होती. पुढे ती देशभर पसरली. फोकर विमानांच्या जोडीला कानपूरला बांधलेली एकोणीस आसनी डॉर्निअर विमाने आली. एकोणीसच का? त्याहून जास्त आसने असली, की विमानात सेवक ठेवावा लागतो.

हा खर्च वाचला, पण बाकीचा सुटला नाही. प्रवासी चार असोत वा एकोणीस, वैमानिक दोन लागतात आणि इंधनही जवळपास तेवढेच जळते. मोठ्या विमानापेक्षा दर आसनाचा खर्च जास्त, आणि तिकीट मात्र लहान गावाच्या खिशाला परवडणारे हवे. त्यात नवे ठाणे कुठे उघडायचे, यावर प्रवासीसंख्येपेक्षा पुढाऱ्यांच्या मागणीचा जोर चालू लागला. तोटा साचत गेला.

अपघातांनी विश्वासही गेला. ऑक्टोबर १९८८ मध्ये गुवाहाटीजवळ ३४ जण दगावले. २३ सप्टेंबर १९८९ रोजी पुण्याहून हैदराबादला निघालेले डॉर्निअर इंदापूरजवळ उजनीच्या जलाशयात कोसळले. अकराही जण गेले. १९९३ मध्ये वायुदूत इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्यात आली.

डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेखाली एअर डेक्कनची तशीच छोटी विमाने नाशिक-जळगावला आली. यावेळी तुटीची भरपाई सरकारने आधीच ठरवली होती, पण तीन वर्षांपुरती. त्याआधीच, एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत कंपनीचा कारभार थांबला.

आडगावची मुक्कामी एसटी तोट्यात धावते. ती सेवा आहे, हे आपण मान्य केलेले असते. वायुदूतला सेवा करायला सांगितले आणि हिशेब मात्र धंद्याचा मागितला. जिल्ह्याजिल्ह्यांत नव्या धावपट्ट्या मागताना रिकाम्या आसनांचे पैसे कोण आणि किती वर्षे भरणार, हे आधी विचारायला हवे.